हवा कमी पडते

धूर काळा असेल तर हवा कमी पडते.
निळा असेल तर इंजिन ऑइल पितंय.
पांढरा असेल तर डिझेल कच्चंच बाहेर आलं,
नोझल खोलावं लागेल.
सव्वीस वर्षं हेच सांगत आलो,
मानखुर्दला, लिंक रोडच्या कडेला,
ताडपत्रीखाली, पालथ्या क्रेटवर बसून.
ट्रक वळणावर गिअर पाडतो तेवढ्यात कळतं :
हा बंदरावरून आलाय,
ह्याचा तिसरा सिलिंडर झोपलाय.

ऐकायची रीत अशी :
लांब पेचकस घ्यायचा,
टोक इंजिनाला, मूठ कानाला,
आणि बाकीच्या जगाला म्हणायचं, गप.
कादर उस्तादांनी शिकवलं.
शेवटी शेवटी त्यांच्या रुमालावर काळं यायचं.
आम्ही ते ऑइल समजलो.

मित्रा पाळण्यात होती तेव्हापासून
आमच्या खिडकीला ओली चादर असते.
सकाळी पिळली की बादलीत शाई.
बायको म्हणायची, घ्या, ह्याच्यानं लिहा बिलं.

पोरगी तिसरीत गेली त्या वर्षी
दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीला नळी लावली,
डोळे मिटले,
हात वर करून सगळ्यांना गप केलं.
मग म्हणाल्या, हवा कमी पडते.

मला हसू आलं. खरंच आलं.
एवढं तर मलाही सांगता आलं असतं,
फुकट.

वाफेचं मशीन भाड्यानं, दिवसाला चाळीस.
मास्कच्या कडेनं पांढरं निघायचं
आणि मी सवयीनं म्हणून गेलो, नोझल…
बायकोनं सांडशी फेकून मारली.
बरोबर होतं तिचं.

ह्या साली होळीनंतर एक ट्रक येऊन थांबला.
थांबला ते कळलंच नाही, सावली पडली म्हणून वर बघितलं.
हिरवी पाटी, पिवळे आकडे.
ड्रायव्हर इस्माईल शिलेदार, बार्शीचा,
चहा मागवून म्हणाला, बघा मिस्त्री, बघून घ्या.
मी पेचकस लावला. मूठ कानाला.

काही नाही.
म्हणजे अगदीच काही नाही असं नाही.
कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.
नाल्यापलीकडे पत्र्यावर कबुतरांची नखं.
आणि आतल्या खोलीतून मित्राचा पाढा,
एकोणीस साती एकशे तेहेतीस,
एकोणीस आठी
(इथे ती श्वासाला थांबते)
एकशे बावन्न.
हे सगळं रोज इथेच होतं?

इस्माईल म्हणाला, काय बिघडलंय?
म्हटलं, माझं.

कंपनीचा एक पोरगा फॉर्म घेऊन फिरत होता.
ट्रेनिंग मोफत, जेवण मोफत,
दहावीचं सर्टिफिकेट जोडा.
मी सातवी. कान कुठे जोडायचा ते फॉर्मात नव्हतं.
चार्जिंगची जागा कुंपणाच्या आत झाली,
रात्रभर तिथे दिवसासारखा उजेड.
आमच्या गल्लीत फ्यूज उडाला की
त्याच उजेडात बायका तांदूळ निवडतात.
मेव्हणा माहुलला राहतो. तो म्हणतो,
दाजी, धूर मेला नाही, त्यानं खोली बदलली,
चिमणी माझ्या गॅलरीतून दिसते, या कधी.
जाईन म्हणतो. गेलो नाही अजून.

एक हिरवी पाटी
आणि तिच्यामागे सिग्नलपर्यंत जुन्यांची रांग.

काल रात्री एकाला त्यातलाच एक दार वाजवत आला.
काळाभोर ओकत होता.
पंप उतरवला, बॅटरीच्या उजेडात बसवला,
साडेतीनशे घेतले.
मशीनचं आठ दिवसांचं भाडं, वर तीस.
हात घासलेटनं धुतले, मग साबणानं, मग परत साबणानं,
आणि मित्राच्या पाठीला कान लावला.

आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती,
कुकरची नव्हे.
मी म्हटलं, गप.
रस्त्यावरून एक गेला, दुसऱ्या गिअरमध्ये,
मग अजून एक.
मधल्या फटीत तिनं श्वास घेतला.